थेंब घालणारा हात

रिसाली, भिलाई
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

आधी वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, इतक्या वर्षांनी पहिल्याच ओळीत मी परक्यासारखी वाटेन, म्हणून कागद बदलला. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुझे डोळे आता कसे आहेत मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं असं कोणी नाही. भिलाईचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही.

मी प्रणिता. शाळेत जायच्या आधी सेक्टर २ च्या क्वार्टरच्या पायरीवर बसवून तू मला बाराखडी शिकवलीस. पुढे शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी. मराठी लिहिता येतं ते तुझ्यामुळे, म्हणून हे सगळं तुलाच लिहायचं धाडस करते आहे. मी आता इथल्या एका शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवते. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं, रिसालीत घर घेतलं. आई बरी आहे.

बाबांना दिसत नाही. म्हणजे अजिबात दिसत नाही असं नाही. मी उगाच वाढवून लिहिते, तसं नको. उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार आणि हलणारी आकृती कळते, डाव्याला धुक्यातून बघितल्यासारखं. ते कबूल करत नाहीत. "आजकालच्या बल्बात दमच नाही," म्हणतात. पेपर उचलला की, "शाईत पाणी टाकून राहिले साले." परवा अंगणात वाळत घातलेल्या माझ्या रेनकोटला त्यांनी हात वर करून "या, बसा" म्हटलं. आई हसली. मीही हसले, मग आत जाऊन बसले.

हसण्यासारखं राहिलेलं नाही, आत्या. मागच्या आठवड्यात रुआबांध्याच्या वळणावर त्यांनी स्कूटर सरळ तुळसाबाईच्या टोमॅटोंवर घातली. ती भाजीवाली वर्षानुवर्षं तिथेच बसते. चाक तिच्या पावलाला लागून थांबलं. बाबा उलट तिच्यावरच ओरडले, "रस्त्यात कावून बसली तू?" ती पाऊल चोळत म्हणाली, "बाबूजी, मैं तो रोज इहें बइठथों." मी रोज इथंच बसते, एवढंच. भांडलीसुद्धा नाही. बाबा घरी येऊन बराच वेळ हात धूत होते.

मोतीबिंदू आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण ऑपरेशनचं नाव काढलं की एकच ऐकवतात. कारखान्यात भट्टीतल्या एका खेपेच्या पोलादाला ते 'हीट' म्हणायचे, तुला आठवत असेल. ती ओतायची, 'टॅप' करायची वेळ नजरेनं ओळखणं हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान. डोळ्यांवरची निळी काच टोपीवर सरकवून उघड्या डोळ्यांनी भट्टीत बघायचे आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आत सांगायचे. आता मला म्हणतात, "कच्ची हीट टॅप केली तर काय होते? सगळा माल वाया. डोळ्याचंही तसंच हाय. पिकू दे आधी."

आणि त्यानंतर हमखास म्हणतात, "माझ्या बापाचा डोळा घाईतच गेला."

म्हणून तुला लिहिते आहे. मी चौथीत होते. बाबा सेकंड शिफ्टला गेले असताना तू आजोबांना रिक्षात बसवून डोळ्यांच्या शिबिरात नेलंस. ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही. पट्टी सुटल्यावर तू त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होतीस, तेव्हा बाबांनी तुझ्या हातातून बाटली ओढून घेतली आणि म्हणाले, "तुझ्या हातानं गेला हा डोळा." मी दारात उभी होते. काही दिवसांत तू पुलगावला आजोबांच्या दोन खोल्यांत राहायला गेलीस, ती गेलीसच.

तेव्हा खरं काय झालं होतं? कोणाला दोष द्यायला विचारत नाही. बाबा त्या एका डोळ्याच्या भीतीनं आपले दोन्ही डोळे घालवायला निघाले आहेत, म्हणून विचारते.

तुझी,
प्रणिता


रिसाली
१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते, म्हणजे मला पुढचं लिहिता येईल.

शनिवारी मी एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, बाबांना न सांगता. डॉक्टर दीक्षा म्हणून आहेत, वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. पेशंट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेशंट यायला तयार नाही, मी त्याच्या वतीनं घाबरायला आले आहे. त्या हसल्या आणि बसा म्हणाल्या.

त्यांनी समजावलं, डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, लहानपणी पाण्यासारखं स्वच्छ. अंड्याचा पांढरा भाग तापला की कसा पारदर्शकाचा पांढरा होतो, तसं हे भिंग हळूहळू गढूळ होत जातं. मी विचारलं, भट्टीमुळेच झालं ना? मला 'हो' ऐकायचं होतं, म्हणजे एकच गुन्हेगार सापडला असता. पण त्या म्हणाल्या, "सगळं भट्टीवर नका टाकू. सगळ्यात मोठं कारण वय. त्यात भट्टीची धग वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांवर घेतली, ते एक. कडक ऊन, ते दुसरं. साखर आहे ना वडिलांना? ती ताब्यात नसेल तर मोतीबिंदू लवकर येतो. बिडी ओढतात? तीही." बाबांच्या बाबतीत मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले. शेवटी मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, जणू मी त्यांची चुगली करत होते.

टाळता येतो का, तेही विचारलं. पुरता नाही, पण लांबवता येतो. उन्हात काठ असलेली टोपी आणि नीट गॉगल, आगीपुढे काम असेल तर तिथली काच डोळ्यांवर, टोपीवर नाही. साखर सांभाळायची, बिडी सोडायची, चाळिशीनंतर डोळे तपासत राहायचे. मी बाबांना रोज गाजर किसून देते आहे, ते ऐकून म्हणाल्या, द्या, चांगलंच आहे, पण आलेला मोतीबिंदू गाजरानं जात नाही. कुठल्या थेंबांनीही जात नाही. आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून मनानं थेंब आणायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असलं आणि ते दीर्घकाळ घातलं तर त्यानंच मोतीबिंदू येतो.

इथे मला तू आठवलीस. तुझा दमा अजून आहे का? दम्याच्या गोळ्यांतही कधी स्टिरॉइड असतं; तुझ्या गोळ्या डॉक्टरनं लिहिलेल्या आहेत की दुकानदार देतो त्या? एकदम बंद करू नकोस, तेही धोक्याचं असतं म्हणाल्या. फक्त एकदा डॉक्टरला दाखव, आणि डोळेही तपासून घे. आणि गच्चीवर भर दुपारी कुरडया घालत असशील तर डोक्यावर पदर पुरत नाही, आत्या. टोपी घाल. पुलगावकर हसले तर हसू दे.

आता मुख्य गोष्ट. 'पिकू द्या' हे बाबांचं वेडेपण नाही. पूर्वी ऑपरेशनची पद्धतच वेगळी होती, तेव्हा डॉक्टरच थांबायला सांगत. आता थांबायची गरज नसते. रोजचं काम अडायला लागलं की काढता येतो. उलट फारच पिकू दिला तर भिंग फुगतं, कधी त्यातला द्रव डोळ्यात झिरपतो, आणि डोळ्यातला दाब एकदम चढतो. डोळा लालभडक होतो, भयंकर दुखतो, माणसाला उलट्या होतात. दाब तसाच राहिला तर डोळ्यामागची नस मरते. मग ऑपरेशन कितीही चांगलं होऊ दे, नजर येत नाही.

हे ऐकताना मला क्वार्टरची मोरी दिसली. शिबिराच्या आधी आजोबा मोरीशी बसलेले, आणि तू त्यांची पाठ चोळते आहेस. हे मी खरंच बघितलं होतं की आता मनानं बनवते आहे? मला माझ्या आठवणीचा भरवसा नाही. म्हणून एवढंच सांग: शिबिराला नेण्याच्या आधीच आजोबांचा डोळा लाल होता का?

प्रणिता


रिसाली
२८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल तू फोन केलास. 'पोरी' म्हणालीस तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. घंटा झाली, मुलं ओरडत होती, म्हणून मी नीट ऐकलं की नाही ते पुन्हा लिहून काढते. चुकलं असेल तर दुरुस्त कर, पूर्वी करायचीस तसं.

तू म्हणालीस, "हो वं. डोळा टमाट्यासारखा लाल होता. डोकं भिंतीवर आपटत होते तुझे आजोबा. दादा म्हणे, आंबे खाल्ले म्हणून उलट्या होऊन राहिल्या. दादा ड्यूटीले गेला आन् मी रिक्षा बोलावली."

शिबिरातल्या डॉक्टरांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं: आणायला उशीर झाला, दुखणं थांबेल, नजरेचं सांगता येत नाही.

मी विचारलं, मग बाबांना हे का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "काय सांगू? तू थांब-थांब म्हणत राहिला म्हणून बापाचा डोळा गेला, असं सांगू? तो रोज आगीसमोर उभा राहणारा माणूस. मन थाऱ्यावर नसलं तर तिथं काय होते, तुले माहीत नाही. तुम्ही लहान. दोघांतल्या एकानं ते घेऊन जायचं होतं, मी गेली." आणि लगेच, "तू सांगशील नाही त्याले. म्हण, सांगत नाही म्हणून."

मी 'नाही सांगत' म्हटलं. तुला नकार द्यायची मला सवयच नाही.

पण रात्री पडल्या पडल्या मी हिशेब मांडत होते. तू बाबांना वाचवायला जे लपवलंस, तेच लपवल्यामुळे ते आज थांबले आहेत. डोळा घाईनं जातो असं त्यांना वाटतं, कारण उशिरानं गेला हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मी हे त्यांना सांगितलं तर ऑपरेशनला तयार होतील; पण आपल्या बापाचा डोळा आपण घालवला, हे घेऊन त्या टेबलावर झोपतील. नाही सांगितलं तर तू ज्याच्यासाठी घर सोडलंस तोच माणूस आंधळा होईल.

मला तुझी परवानगी हवी आहे. ती मिळेपर्यंत मी आपणहून एक शब्द काढणार नाही. पण आत्या, त्यांनी समोरून विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी शब्द मोडला असं होणार नाही. किंवा होईलच, पण तुला ठाऊक असलेलं बरं.

प्रणिता


रिसाली
१० डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं उत्तर यायच्या आधीच सगळं घडून गेलं.

तुळसाबाईच्या प्रकारानंतर आईनं स्कूटरची चावी डाळीच्या डब्यात लपवली होती. बाबांना ती सापडेना आणि विचारायला कमीपणा वाटे. मी म्हटलं, डोळे तपासून घ्या, डॉक्टरांनी हो म्हटलं की चावी तुमची. त्यांना वाटलं डॉक्टरला सहज गुंडाळू. सोबत दयारामकाका आले, भट्टीवरचे बाबांचे जुने जोडीदार. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. वाटेत सारखे चिडवत होते, "श्याम भाऊ, पूरी जिंदगी आग के सामने खड़े रहे, अब दो बूंद दवाई से डर?" मग मला म्हणाले, "ऑपरेशन के बाद पता चला बिटिया, मेरी घरवाली कितनी बूढ़ी हो गई है. मैंने बोल दिया. वो बोली, मैं तो तेरे को रोज देख रही थी." बाबासुद्धा हसले.

तपासल्यावर डॉक्टर दीक्षा म्हणाल्या, उजवा आता थांबण्यासारखा नाही. बाबा खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी ते हीटचं सांगितलं, अगदी शिकाऊ पोराला सांगावं तसं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंगाचं चित्र काढलं, बाबांना दिसावं म्हणून जाड पेननं, आणि मला सांगितलं तेच सांगितलं. भिंग फुगतं, दाब चढतो, मागची नस मरते.

बाबा चित्राकडे नाही, समोर बघत होते. हळूच म्हणाले, "म्हणजे अस्तर खाते."

डॉक्टरांना कळलं नाही, तेव्हा दयारामकाका म्हणाले, तयार हीट वेळेवर ओतली नाही की ती भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर खाते, मॅडम. मग भट्टीच जाते.

"असंच," त्या म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, "तेव्हा माणसाले उलट्या होतात?"

"होतात. बरेच लोक पोटाचं समजून घरी बसतात."

"आन् डोळा लाल?"

"हो. असं कोणाला झालं होतं का?"

बाबा खुर्चीतून उठले. मी माझ्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होते.

बाहेर दयारामकाका गाडी आणायला गेले. आम्ही बाकावर बसलो. बाबा म्हणाले, "आंबे मी म्हणालो होतो." मग, "बाप आंबे खातच नव्हता त्या वर्षी. साखर निघाली होती त्याची." पुन्हा थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "रमाले माहीत होतं हे?"

आत्या, मला सांगता आलं असतं की मला काय माहीत. त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता, कोणाला कळलं नसतं.

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. परत काढला. गाडी आली तरी उठले नाहीत. दयारामकाका हॉर्न वाजवणार होते, मी हातानं नको म्हटलं.

घरी आल्यापासून ते जेवतात, झोपतात, विचारलं तर उत्तर देतात. काल आईला म्हणाले, "साखरेच्या गोळ्या वेळेवर देत जा, ऑपरेशनच्या आधी साखर खाली आली पाहिजे म्हणते ती डॉक्टर." म्हणजे करणार आहेत. मला आनंद व्हायला हवा. पण मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं, आणि तुझ्याकडूनही.

तू रागावली असशील तर तसं कळव. नुसती गप्प राहू नकोस.

प्रणिता


रिसाली
१४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तिळगूळ पाठवते आहे. आईनं केला आहे, तुझ्यासारखा कडक झालेला नाही, असं तिनंच सांगायला सांगितलं.

बाबांचा उजवा डोळा झाला. मी बाहेर बसून घाबरून घेते आहे तोवर ते बाहेरही आले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बाबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. पहिलं वाक्य काय असेल याचा मी खूप विचार केला होता. ते म्हणाले, "ही भिंत पांढरी हाय? मले वाटे पिवळी हाय." मग घरी येऊन आमच्या हॉलचा रंग बघितला आणि आईला विचारलं, "हा रंग कोणी पसंत केला?" आई म्हणाली, "तुम्हीच."

डॉक्टरांनी बाहेर जायला परवानगी दिली तशी मला घेऊन ते पायी रुआबांध्याच्या वळणावर गेले, काळा चष्मा लावून. तुळसाबाईसमोर उभे राहून म्हणाले, "बाई, उस दिन मेरे को दिखता नहीं था. मैं झूठ बोला." तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "अब दिखथे?" हो म्हणाले. "तब बने भाजी छांट लेव," आता दिसतं तर चांगली भाजी निवडून घ्या. बाबा खाली बसून एकेक वांगं उजेडात फिरवून बघत होते, घरी आणली त्यातली दोन किडकी निघाली ते वेगळं.

सगळंच चांगलं झालं असं लिहायचा मोह होतो, पण बिडी पूर्ण सुटलेली नाही. स्कूटरच्या डिक्कीत बंडल सापडलं. मी बोलले नाही, डॉक्टरांना मात्र सांगितलं. टोपी घेतली आहे, काठाची. घालून आरशात बघतात आणि काढून ठेवतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

थेंब मीच टाकते. माझा हात कापतो. कालचा थेंब गालावर पडला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "तुझा हात थरथरते. रमाचा नव्हता थरथरत. बापाच्या डोळ्यात थेंब टाके तर पापणीले बोट लागत नव्हतं." मी बाटलीचं झाकण लावत होते, ते लावतच राहिले. आत्या, म्हणजे त्या दिवशी बाटली ओढून घ्यायच्या आधी ते उभं राहून बघत होते. इतकी वर्षं त्यांना तुझा हात आठवत होता.

डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीची तारीख दिली. बाबा नको म्हणाले. मी हबकले. म्हटलं, आता पुन्हा पिकायची वाट बघायची?

"पिकायची नाही," म्हणाले. "रमा येईल तेव्हा."

मी म्हटलं, ती नाही आली तर? त्यावर त्यांनी माझ्या हातातून हा कागद आणि पेन घेतलं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत. एका डोळ्यानं लिहिल्यामुळे वर चढल्या आहेत. मी सरळ केल्या नाहीत.

प्रणिता

रमा, बापाचा डोळा तुझ्या हातानं नाही गेला. माझ्या थांबण्यानं गेला. आता माझ्या डोळ्यात थेंब तू टाक. तारीख मी तीच ठेवायला सांगतो. थांबू नको. — दादा